रोलान्दोकाकाची पाटी

सोमवार होता, म्हणजे फर्मिनरावांचा वार. नायरा ऑफिसातून सुटली, कोपऱ्यावरच्या बाईकडून गरम पाव, पांढऱ्या फुलांची जुडी आणि सिगारेटचं पाकीट घेतलं, आणि रोपवेच्या डब्यात बसून वर आत्याकडे निघाली. पाव नियेवेसआत्यासाठी. फुलं आणि सिगारेटी फर्मिनरावांसाठी. त्यांना कडकच लागायच्या. मागे एकदा नायरानं पुदिन्याच्या वासाच्या नेल्या होत्या, तर आठवडाभर ते आत्याच्या स्वप्नात येऊन कुरकुरत होते म्हणे.

आता फर्मिनराव कोण, तर आत्याच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी, काचेच्या पेटीत राहणारी कवटी. दचकू नका. आमच्या या डोंगरावरच्या ला पास शहरात अशा कवट्या घरोघरी नसल्या तरी गल्लोगल्ली सापडतात. न्यातिता म्हणतात त्यांना, म्हणजे लाडानं नकटूच म्हणा ना. नाकच नसतं बिचाऱ्यांना. घर राखतात, हरवलेली वस्तू शोधून देतात, चोराच्या स्वप्नात जाऊन त्याला घाम फोडतात. बदल्यात दर सोमवारी मेणबत्ती, फुलं, सिगारेट आणि नोव्हेंबरात एकदा बँड लावून कबरस्तानातली जत्रा. बास! फक्त त्यांचं नाव आपण ठेवायचं नसतं. ते स्वतःच कुणाच्या तरी स्वप्नात येऊन सांगतात. यांनी नायराच्या पणजीला सांगितलं होतं, फर्मिन. आडनाव सांगितलं नाही, आणि विचारायचं कुणाला सुचलंही नाही.

"आली का गं माझी बडबडी!" आत्यानं दार उघडलं. डोक्यावर गोल हॅट, अंगात एकावर एक घातलेले घेरदार घागरे, आणि गुडघे इतके दुखरे की दारापर्यंत येतानाही भिंत धरावी लागायची. "ये. आत तुझा काका बसलाय. वास आला नाही का अत्तराचा?"

रोलान्दोकाका म्हणजे आत्याचा सगळ्यात धाकटा भाऊ. खाली, श्रीमंतांच्या वस्तीत, विम्याच्या कंपनीत साहेब. नुकताच त्यानं आणि मिर्ताकाकूनं नवा फ्लॅट घेतलेला. दारावर पितळी पाटी, तीवर कोरलेलं, 'रोलान्दो लाराझाबाल'. या आडनावाचा त्याला भयंकर अभिमान. त्याचं म्हणणं, आपले मूळपुरुष आन्सेल्मो लाराझाबाल स्पेनहून आले. दर नाताळात या आन्सेल्मोला बढती मिळायची. आधी व्हायोलिन वाजवायचा, मग कॅप्टन झाला, गेल्या खेपेला थेट सरदार झाला होता. दिवाणखान्यात लावायला काकाला त्याची वंशावळ हवी होती, आणि घरात चित्रबित्र काढणारी एकटी नायराच असल्यानं ते काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

"ताई, मी शेवटचं सांगतो," काका म्हणाला. "तुझ्या गुडघ्यांना या पायऱ्या झेपत नाहीत. माझ्याकडे लिफ्ट आहे, तुझी खोली तयार आहे. पण हे तिथे येणार नाही."

"हे म्हणजे कोण?"

"हे... हाड."

नायरानं फर्मिनरावांच्या दातांत नुकतीच सिगारेट लावली होती. ती लाल झाली, एकदम, कुणीतरी रागानं झुरका मारावा तशी. खिडकी बंद होती.

"त्यांना नाव आहे," आत्या म्हणाली.

"हा आपला लागतो कोण पण? कुठला कोण परका माणूस! माझ्याकडे पाहुणे येतात, ताई. मिर्ताच्या मैत्रिणी येतात. त्यांना काय सांगू, सोफ्यावर कोण बसलंय?"

"मग ते जिथे नाहीत तिथे मी नाही. इथेच राहीन. पडले पायऱ्यांवरून तर पडले, वर जाताना बँड लाव."

"कबरस्तानाच्या भट्टीत हे जाळायचा अर्ज आणलाय मी. यावर सही कर."

"माझी सही माझ्या अंगठ्यात," आत्या म्हणाली. तिला लिहिता येत नव्हतं. बाजारात बटाटे विकून तिनं ह्याच काकाला शिकवलं होतं, स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती. "आणि अंगठा हा असा." असं म्हणून तिनं काकाला खणखणीत ठेंगा दाखवला.

नायरा फसकन हसली. काका चिडला. पेन काढून त्यानं स्वतःच सही ठोकली. "तू वंशावळ करते आहेस ना, नायरा? जत्रेच्या आधी पुरी कर. त्या झाडावर हा कुठेही सापडला, अगदी चुलत-चुलत काका म्हणून, तर मी स्वतः याला सोफ्यावर बसवीन. नाही सापडला तर भट्टी. मग ताईनं मुकाट माझ्याबरोबर यायचं."

"पैज?" नायरा उसळून म्हणाली.

"पैज."

आत्या पेटीवरची काच शालीच्या टोकानं पुसत राहिली. काच लख्ख झाली तरी थांबेना, तेव्हा नायराचं हसू मावळलं. इतका वेळ तिला ही सगळी गंमत वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकाचा फोन.

"नायरा, माझ्या दारावरची पाटी तू बनवून घेतली होतीस ना? काय भिकार माल दिलाय तुझ्या माणसानं!"

"का? चोरीला गेली?"

"पाटी आहे गं. नाव गेलंय."

"काय?"

"रोलान्दो आहे. पुढे काही नाही. कोरलेली अक्षरं होती ना ती! बोट फिरवलं तर गुळगुळीत... आरशासारखं."

नायरा इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. पण त्या आठवड्यात काकाचे फोन वाढतच गेले. ऑफिसच्या दारावरचा रखवालदार, जो रोज 'लाराझाबालसाहेब' म्हणून सलाम ठोकायचा, तो 'गुड मॉर्निंग रोलान्दो... अं... पुढे काय बरं?' म्हणून डोकं खाजवायला लागला. व्हिजिटिंग कार्डांच्या गठ्ठ्यावर नावाच्या पुढे कोरी जागा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आमच्याकडे माणसाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं. काकाच्या आईचं आडनाव चोके. बाजारातल्या बटाटेवाल्या चोक्यांची ती मुलगी. हे आडनाव काका जन्मभर नुसतं 'चो.' असं लिहीत आला होता. आता बापाचं उडालं, आणि चोके मात्र जिथे-तिथे ठसठशीत उमटलं!

"सगळे मला चोकेसाहेब म्हणतायत," काका रडकुंडीला आला. "मिर्तासुद्धा!"

"चांगलं आहे की आडनाव. आजीचं होतं."

"तुला हसू येतंय! छपाईत काहीतरी केमिकल असणार."

नायराला हसू येत होतं, ते शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी दुपारी पार्सल घेताना पोऱ्याला ओळखपत्र दाखवायला तिनं पाकिटातून काढलं. 'नायरा' होतं. शेवटचं 'तार्की', आईचं, तेही होतं. मधलं लाराझाबाल... होतं, पण उन्हात वाळत घातलेल्या कपड्यावरच्या डागासारखं, पुसट. शेवटची दोन अक्षरं तर दिसतच नव्हती. तिनं अंगठ्यानं घासलं. तिला वाटलं, घासल्यावर अजूनच फिकं झालं.

मग मात्र ती शनिवारी सकाळी धावतच कबरस्तानाजवळच्या जुन्या चर्चमध्ये, जन्म-लग्नाच्या जुन्या नोंदी बघायला गेली.

तिथल्या दप्तराच्या खोलीत ग्रिसेल्दाबाई बसायच्या. गोल, आनंदी, सतत खाणाऱ्या. रस गळू नये म्हणून मान वाकडी करून साल्तेन्या, म्हणजे रश्शाची भाजलेली करंजी, चोखत होत्या.

"लाराझाबाल? अगं, फार नाहीयेत. सगळे एकाच माणसाचे. आन्सेल्मो." त्यांनी हात पुसले आणि एक जाडजूड वही पुढे ओढली. "हे बघ लग्न. आणि हा बाप्तिस्मा, लग्नाच्या आधल्याच आठवड्यातला."

"मोठा झाल्यावर बाप्तिस्मा? सरदाराचा?"

"कसला सरदार गं! वाच ना. 'आन्सेल्मो, वय अंदाजे वीस, आईबाप अज्ञात, कबरस्तानाच्या फाटकात सापडलेला. काम, कबरी खणणे.'"

नायरा खदखदून हसली. काकाचा चेहरा डोळ्यांसमोर आला तिच्या. कॅप्टन, सरदार, व्हायोलिन... आणि शेवटी फावडं!

"मग लाराझाबाल कुठून आलं?"

"धर्मबापाचं. अनाथाला आडनाव नसलं की बाप्तिस्म्याला जो धर्मबाप उभा राहील त्याचं आडनाव मिळायचं. आडनावाशिवाय लग्न कसं लावणार? हे बघ, 'धर्मबाप म्हणून उपस्थित, श्रीयुत फर्मिन लाराझाबाल.' आणि ही त्यांची सही."

फर्मिन.

नायरा वहीवर वाकली. पानाच्या तळाशी सही होती. मोठी, रुबाबदार, आणि खाली जुन्या लोकांच्या सहीला असायचा तसा फराटा. डावीकडून उजवीकडे एक झोकदार रेघ आणि तिच्या शेवटी तीन वेटोळी, एकात एक अडकलेली.

"बाई," ती म्हणाली, "या फर्मिनचं अजून काही सापडेल का? तो कुठे गेला, कधी वारला?"

बाहेर आभाळ भरून आलं होतं. सकाळ असूनही खोली काळोखली, आणि पत्र्यावर ताडताड गारा सुरू झाल्या. दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. ग्रिसेल्दाबाईंनी सवयीनं मेणबत्ती पेटवली. जुन्या कागदाचा कुबट वास, मेणाचा वास, आणि... नायरानं नाक वर केलं. कुणीतरी सिगारेट ओढत होतं. कडक.

"तुम्ही...?"

"मी नाही ओढत गं. फादरही नाहीत आज." त्या दफनाच्या वहीची पानं उलटत राहिल्या. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"काय झालं?"

"फर्मिन लाराझाबाल, परदेशी प्रवासी, तापानं वारला. नातेवाईक कोणी नाहीत. कबर खणणारा, आन्सेल्मो."

"आणि तारीख?"

ग्रिसेल्दाबाईंनी दोन्ही वह्या मेणबत्तीजवळ शेजारी-शेजारी ठेवल्या. "बाप्तिस्म्याच्या... आधीची. चांगली सहा-सात वर्षं आधीची."

गारांचा आवाज थोडा कमी झाला.

"त्या वेळच्या फादरनी जरा जास्त घेतली असेल," ग्रिसेल्दाबाई हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी छातीवर क्रूस केला.

नायरानं सहीच्या फराट्यावर बोट ठेवलं. ती ठेवणार नव्हती, बोट आपोआपच गेलं. तिन्ही वेटोळ्यांवरून फिरलं. उचललं तेव्हा बोटाचं टोक काळं झालं होतं.

ओली शाई.

तेवढ्यात तिचा फोन वाजला, आणि दोघी एकदम किंचाळल्या.

"नायरा!" आत्या रडत होती. "रोलान्दो येऊन गेला गं. मी चहा टाकायला आत गेले आणि... पेटी नाहीये. फर्मिनरावांना घेऊन गेला तो! म्हणत होता, हे सगळं त्याच्यामुळेच होतंय, आज सोक्षमोक्ष लावतो..."

नायरा धावली. कबरस्तानाचं फाटक तिथून दोन गल्ल्या पुढे. रस्ताभर गारांचा पांढरा सडा, पाय घसरतायत, ही आपली धावतेय आणि मोठमोठ्यानं सॉरी म्हणतेय, कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं.

फाटकाशी काका उभा होता. सूट भिजलेला, बगलेत काचेची पेटी, पेटीत आत्यानं विणलेली लाल लोकरी टोपी घातलेले फर्मिनराव. तिथल्या ऑफिसच्या खिडकीतला कारकून अर्ज हातात धरून वैतागला होता.

"साहेब, सोपा प्रश्न आहे. अर्ज कोणाच्या नावानं? इथे सहीच दिसत नाही."

"मी केली होती... हे काय, कोरं कसं..."

"बरं, तोंडी सांगा. नाव?"

"रोलान्दो."

"पूर्ण नाव."

काकानं तोंड उघडलं. "ला..." तो म्हणाला. "ला..." त्याच्या कपाळावर घाम फुटला. "माझं... अहो, मला माहितेय. ला... नायरा! नायरा, सांग ना गं याला!"

नायरानं सांगायला तोंड उघडलं, आणि तिच्याही जिभेवर काही नव्हतं. वहीत आत्ता वाचलेलं, जन्मभर शाळेच्या हजेरीत ऐकलेलं. तिथे नुसती पोकळी. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि नसावी, तसं.

तिनं काकाचा हात घट्ट धरला.

"काका, ऐक. ते आपलं नाहीचे. आन्सेल्मो कबरी खणायचा. त्याला आईबाप नव्हते, आडनाव नव्हतं. लग्न अडलं होतं त्याचं. जिवंत माणूस एकही उभा राहायला तयार नसणार, म्हणून तो त्याच्याकडे गेला, ज्याला त्यानं स्वतःच्या हातानं पुरलं होतं. आणि तो उभा राहिला." तिनं पेटीकडे बोट केलं. "यांचं आडनाव आहे ते. आपल्याला वापरायला दिलंय. तू विचारत होतास ना, हे आपले कोण? हे कोणाचे कोणी नाहीत, काका. आपण सगळे यांचे आहोत."

काकानं पेटीकडे पाहिलं. फर्मिनराव नेहमीसारखे हसत होते. त्यांना दुसरं काही येतच नाही म्हणा. काकानं पेटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, डोक्यावर छप्पर कोसळल्यासारखा खाली वाकला, आणि म्हणाला,

"चुकलो... फर्मिनराव, चुकलो हो."

काच सरकवून नायरानं पर्समध्ये उरलेली एक सिगारेट त्यांच्या दातांत धरली. हात ओले, काडी पेटेना. दुसरी पेटेना. तिसरी काडी ओढायच्या आधीच सिगारेटचं टोक लाल झालं. धुराचा एक लांब, समाधानी झोत बाहेर आला.

"लाराझाबाल!" काका ओरडला. "रोलान्दो लाराझाबाल चोके!"

"हळू बोला, इथे लोक झोपलेत," कारकून म्हणाला. "मग, अर्ज करायचाय का?"

"फाडा तो!"

आत्याला लिफ्ट मिळाली. फर्मिनरावांना सोफा मिळाला, टीव्हीच्या अगदी समोर. मिर्ताकाकूच्या मैत्रिणी आधी किंचाळल्या आणि आता दर सोमवारी फुलं घेऊन येतात. एकीचं हरवलेलं कानातलंही सापडलं म्हणे. नायरानं वंशावळ पुरी केली. झाडाच्या मुळाशी सरदारबिरदार नाही, फावडं घेतलेला एक पोरगा आणि त्याच्या शेजारी लाल लोकरी टोपी. काकानं ती स्वतः भिंतीवर ठोकली. पाटीही बदलली त्यानं. आता चोके पूर्ण लिहिलंय.

आणि जत्रा? विचारू नका! काकानं एवढा मोठा बँड सांगितला की कबरस्तानातल्या बाकीच्या कवट्यांचे घरवाले जळून खाक झाले. ऊन लख्ख, फुलांच्या पाकळ्यांचा पाऊस, तुताऱ्या, ढोल, आणि मधोमध रोलान्दोकाका, विम्याच्या कंपनीतला साहेब, टाय डोक्याला बांधून नाचतोय. आत्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती, मांडीवर फर्मिनराव.

संध्याकाळ व्हायला आली तसे बँडमास्तर पोर्फिरिओ कागद घेऊन आले. पुढच्या वर्षीचं बुकिंग. यजमानाची सही हवी.

"यजमान ताई," काका धापा टाकत म्हणाला. "अरे, शाईचा डबा आणा कुणीतरी, तिचा अंगठा लागतो."

नायरा डबा शोधत गर्दीत शिरली. कुणाकडे तरी मिळाला एकदाचा. परत आली तेव्हा पोर्फिरिओ मास्तर कागद घडी करून खिशात घालत होते.

"अहो थांबा, अंगठा राहिला."

"अंगठा कशाला? बाईंनी सही केली की. काय झकास अक्षर आहे!"

नायरानं कागद जवळजवळ हिसकावलाच. नियेवेस लाराझाबाल चोके. मोठं, रुबाबदार. खाली झोकदार रेघ, आणि रेघेच्या शेवटी तीन वेटोळी, एकात एक अडकलेली.

"आत्या... तुला लिहिता कधी यायला लागलं?"

"मला कुठे येतंय गं!" आत्या लहान मुलीसारखी हसली. गाल लाल झाले होते तिचे. "त्यांनी हात धरला माझा. पहिल्या दिवशी मास्तर पोरांचा धरतात ना, तसा. किती ऊबदार हात होता, नायरा."

बँडनं पुन्हा ठेका धरला. नायरानं आत्याच्या मांडीवरच्या पेटीत पाहिलं. लाल टोपी, दात, दातांत विझलेली सिगारेट. बाकी काहीच नाही. कवटीला असणार तरी काय?

मग तिनं आत्याचा हात हातात घेतला आणि बाही मागे सारली. मनगटावर शाईचे चार ठसे होते, लांब बोटांचे. अजून ओले.